लाकूड मंडईपासून उकळत्या पाण्यापर्यंत 18 मिमीचा प्लाय

हॉट प्रेस, म्हणजे थर तापवून-दाबून चिकटवणारं यंत्र, उघडल्यावर प्लायच्या शीटवर फुगा दिसला की सगळे प्रेसमनकडे बघतात. बिचाऱ्याचा दोष क्वचितच असतो. फुग्याचं मूळ बहुतेक वेळा व्हिनीअर, म्हणजे ओंडका सोलून काढलेला पातळ थर, वाळवलं तिथे असतं, आणि दोन दिवसांपूर्वी कोणी ओलावा नीट मोजला नाही हे प्रेस सांगत असतं. म्हणून प्लाय बनवण्याचं काम लिहायचं तर निम्मं पाण्याबद्दलच लिहावं लागतं. इथे सांगतोय ते 8×4 फुटांच्या, 18 मिमी जाडीच्या, आयएस 303 या भारतीय मानकातल्या बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या) ग्रेडच्या मालाबद्दल. आतले थर, म्हणजे कोअर, पॉपलर आणि सफेदा असे आलटून-पालटून, वर गर्जन किंवा ओकुमे या परदेशी लाकडाचा दर्शनी थर, म्हणजे फेस. हरियाणातल्या यमुनानगरमध्ये हा माल रोज बनतो आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांत 'अल्टरनेट' या नावाने विकला जातो. सफेदा म्हणजे आपली निलगिरीच.

पॉपलर मात्र महाराष्ट्रात दिसत नाही, कारण त्याला कडक थंडीचा हिवाळा लागतो. हरियाणा, पंजाब आणि पश्चिम उत्तर प्रदेशातले शेतकरी तो गव्हा-उसाच्या जोडीने लावतात आणि पाच ते सात वर्षांत तोडतात. डिसेंबर 1996 मध्ये जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, ईशान्येकडच्या जंगलाच्या लाकडावर चालणारे प्लायचे कारखाने बंद पडत गेले, आणि शेतातल्या लाकडावरचा हा धंदा यमुनानगर-जगाधरीत फोफावला.

मंडईत लाकूड ट्रॅक्टर-ट्रॉलीवर येतं आणि क्विंटलवर विकलं जातं. घेरावरून वर्ग पडतात: साधारण 24 इंचांच्या वरचं 'ओव्हर', 18 ते 24 इंचांचं 'अंडर' आणि त्याखालचं 'सोक्ता'. सोलायला ओव्हरच घ्यावं. ट्रॉली बघताना आधी टोकं बघायची. टोकाला तारेसारख्या चिरा पडल्या असतील तर लाकूड तोडून बरेच दिवस झालेत. वजनावर घेताना ताज्या लाकडात पाण्याचे पैसे द्यावे लागतात हे खरं, तरी मी ताजंच घेईन. वाळत चाललेला ओंडका वजनात स्वस्त पडतो, पण पात्यावर त्याचे धागे उपटतात, व्हिनीअर खरखरीत निघतं आणि ते खरखरीत व्हिनीअर पुढे दीडपट गोंद पितं. उन्हाळ्यात ओंडके ठेवायचेच असतील तर टोकांवर पाण्याचा फवारा चालू ठेवावा. सफेद्याची टोकं तर एका दुपारीत फाटतात.

ओंडके दोन लांबीत कापतो. आडव्या कोअरसाठी 51 इंच आणि उभ्या कोअरसाठी, म्हणजे ज्याला कारखान्यात 'पॅनेल' म्हणतात त्यासाठी, 100 इंच. तयार शीट 48×96 ची, त्यामुळे कडेला कापायला तीन-चार इंच उरतात. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आटत नाही, म्हणून एवढी जागा पुरते.

साल काढून ओंडका पीलिंग मशीनवर चढतो. जुन्या स्पिंडलच्या लेथमध्ये ओंडका दोन टोकांना धरतात, त्यामुळे मध्ये चार इंचांचा दांडा उरतो. स्पिंडललेस मशीनमध्ये रोलर बाहेरून फिरवतात आणि सव्वा इंचापर्यंत सोलता येतं. 30 इंच घेराच्या ओंडक्याचा व्यास साडेनऊ इंच. चार इंचांचा दांडा म्हणजे त्यातलं जवळजवळ 18 टक्के लाकूड, आणि सव्वा इंचाचा म्हणजे 2 टक्क्यांच्या आत. एवढ्या एका हिशेबावर बारीक ओंडक्यांचा सगळा धंदा स्पिंडललेसवर गेला. त्याची किंमत जाडीत मोजावी लागते. ओंडका बारीक होत जातो तसा पात्याचा कोन आणि फट बदलत जाते, आणि सुरुवातीचं व्हिनीअर 2.3 मिमी असेल तर शेवटचं 2.5 निघू शकतं.

म्हणून दर गठ्ठ्यातलं एक व्हिनीअर काढून चार कोपऱ्यांवर जाडी मोजायची. दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला की मशीन थांबवून पातं आणि प्रेशर बार तपासायचा. प्रेशर बार व्हिनीअरला जाडीच्या 15 ते 20 टक्के दाबून धरतो. तो सैल असला की आतल्या बाजूने खोल चिरा पडतात, फार घट्ट असला की व्हिनीअर चेपून निघतं. पातं बोथट झालं की आवाजावरून कळतं, पण आवाजाची वाट बघू नये, पाळीगणिक धार लावलेलीच बरी. जाडीतल्या फरकाकडे दुर्लक्ष करणारे म्हणतात, पुढे कॅलिब्रेशनला, म्हणजे शीट घासून एका जाडीची करताना, सगळं सपाट होतं. सपाट होतं, चिकटत नाही. जिथे नऊ थरांतले चार-पाच पातळ भाग एकावर एक आले, तिथे प्रेसचा दाबच पोचलेला नसतो. वरून घासून शीट गुळगुळीत दिसते आणि आत गोंदाची रेषा उघडी राहते.

ताज्या पॉपलरमध्ये कोरड्या लाकडाच्या वजनाएवढं, कधी त्याहून जास्त पाणी असतं. सोललेलं व्हिनीअर मैदानात उभं करून उन्हात वाळवतात. जानेवारीच्या धुक्यात आणि जुलै-ऑगस्टच्या पावसात हे कोलमडतं. ओलसर गठ्ठा दोन दिवस तसाच पडला की पांढऱ्या पॉपलरवर निळसर-काळी बुरशी धरते. ऊन चांगलं असलं तरी 12 ते 15 टक्क्यांच्या खाली क्वचितच येतं. फिनॉलच्या गोंदाला मात्र 6 ते 8 टक्केच हवेत, त्यामुळे उन्हातून काढलेलं व्हिनीअर पुन्हा रोलर ड्रायरमधून, साधारण 150 ते 160 अंशांवर, काढावंच लागतं. डिझेल, लाकूड आणि पाळीचा वेळ वाचवायला हीच पायरी गाळली जाते, आणि नेमकी ही गाळू नये.

का, ते आकड्यांत बघा. एका शीटमध्ये पॉपलरच्या पाच आणि सफेद्याच्या चार कोअर, प्रत्येकी 2.2 मिमी. कोरडं लाकूड साधारण 34 किलो. 6 टक्के ओलावा म्हणजे 2 किलो पाणी. सफेद्याच्या चार पॅनेलना लावलेला गोंद (पॉपलरला लावत नाहीत) साडेचार किलोच्या आसपास, त्यात निम्मं पाणी, म्हणजे आणखी सव्वादोन किलो. एकूण सव्वाचार किलो. तेच व्हिनीअर 12 टक्क्यांवर असेल तर पाणी सव्वासहा किलोंच्या वर जातं. प्रेसच्या 140 अंशांना वाफेचा दाब वातावरणाच्या साडेतीन पटींहून जास्त असतो. प्रेस बंद असेपर्यंत ती वाफ कोंडलेली राहते. प्लेटा सुटल्या की तिला कडेपर्यंत जायला वेळ नसतो, मग ती मधोमध, जिथे गोंद अजून कच्चा आहे तिथे, थर उचलते. 'फट्ट' असा आवाज होतो आणि तो साऱ्या शेडमध्ये ऐकू येतो.

ओलावा मोजायला सुयांचं मीटर सगळीकडे असतं. 8 टक्क्यांच्या वर ते ठीक चालतं, 6 च्या खाली त्याच्यावर विसंबू नये. खात्रीचा मार्ग भट्टीचा: व्हिनीअरचा तुकडा तोलायचा, 103 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचा, परत तोलायचा. आधी 54 ग्रॅम आणि नंतर 50 ग्रॅम भरला तर घटलेले 4 ग्रॅम भागिले 50, म्हणजे 8 टक्के. तुकडा गठ्ठ्याच्या मधून घ्यावा. वरचं व्हिनीअर नेहमी कोरडंच असतं, आणि मोजणाराही नेहमी वरचंच उचलतो.

उलट बाजूही आहे. व्हिनीअर 3 टक्क्यांच्या खाली गेलं, ड्रायरमध्ये करपलं, तर पृष्ठभाग गोंद धरत नाही, गोंदातलं पाणी मात्र झटकन शोषून घेतो. गोंद वाहायच्या आधीच सुकतो आणि जोड काचेसारखा तडकतो. असा बोर्ड प्रेसमधून देखणा बाहेर येतो, फुगा नाही, काही नाही, आणि उकळल्यावर पत्त्यांसारखा सुटतो.

वाळलेल्या तुकड्यांची पूर्ण मापाची आडवी कोअर जोडणं हे कोअर कंपोझर या यंत्राचं काम. हाताने मांडली तर दोन तुकड्यांमध्ये फट राहते किंवा एक दुसऱ्यावर चढतो. फट म्हणजे आत पोकळी: सुताराचा स्क्रू तिथेच पडला तर फिरत राहतो. चढलेला तुकडा त्याहून वाईट. तिथे जाडी दुप्पट, सगळा दाब त्याच रेषेवर, आणि दोन्ही बाजूंना बोटभर पट्टा न चिकटलेला. पावसाळ्यात सनमायकावर जी उभी रेघ उठून दिसते ती बहुधा हीच.

गोंद कारखान्यातच शिजतो. 100 किलो फिनॉलला 37 टक्क्यांचं फॉर्मालिन सुमारे 160 किलो, आणि 8 किलोच्या आसपास कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून. वाफ देऊन केटल, म्हणजे गोंद शिजवायचं भांडं, 60-65 अंशांपर्यंत न्यायची आणि वाफ बंद करायची. पुढची उष्णता अभिक्रिया स्वतःच देते आणि तापमान 85-90 पर्यंत आपोआप चढतं. केटलभोवतीच्या जॅकेटमध्ये थंड पाणी त्या आधीच तयार हवं. पंप ऐनवेळी बंद पडला तर रेझिन, म्हणजे शिजणारा गोंद, केटलमध्येच घट्ट होतं, आणि मग ते छिन्नी-हातोड्याने फोडून काढावं लागतं. फिनॉल कातडीवर पडलं तर भाजतं, आणि शरीरात शोषलं गेलं तर जिवावर बेततं. तिथे हातमोजे आणि चष्म्याशिवाय कोणाला उभं राहू देऊ नये.

शिजलं की नाही ते बी-4 फ्लो कप या तळाला भोक असलेल्या कपाने ठरतं. कप भरून खालचं भोक मोकळं करायचं आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. 30 अंशांवर 20 ते 25 सेकंद आले की बरोबर. त्याहून पातळ असला तर लाकडात मुरून रेषा कोरडी पडते, फार घट्ट असला तर रोलरवर सारखा पसरत नाही. वापरताना 100 किलो रेझिनमध्ये पाच ते आठ किलो मैदा किंवा नारळाच्या करवंटीची भुकटी घालतात. वाळवी आणि भुंग्यासाठी कीडनाशकही गोंदातच मिसळतात, कारण पॉपलर हे किडीचं आवडतं खाणं. मैद्याचं प्रमाण वाढवत नेणं ही या धंद्यातली जुनी काटकसर आहे. त्याहून पुढची म्हणजे युरियाच्या स्वस्त गोंदात तपकिरी रंग घालून कडेची रेषा फिनॉलसारखी गडद दाखवणं. तेव्हा काळी रेषा बघून 'वॉटरप्रूफ आहे' असं कोणी म्हणालं तर त्याला तुकडा उकळून दाखवायला सांगावं.

सफेद्याची चार पॅनेल गोंदाच्या रोलरमधून जातात, दोन्ही बाजूंना मिळून चौरस मीटरला साधारण 350 ग्रॅम. तपासणी सोपी: पॅनेल रोलरच्या आधी आणि नंतर काट्यावर ठेवायचं. 100×51 इंचांच्या पॅनेलवर फरक सव्वा किलोच्या जरा आत, 1.15 च्या आसपास हवा. पॉपलरच्या पाच कोअर कोरड्याच राहतात. मांडणी आडवी-उभी-आडवी अशी, बाहेर दोन्ही बाजूंना पॉपलर. मधल्या थरापासून दोन्हीकडे तंतोतंत तेच लाकूड आणि तीच जाडी आली पाहिजे. एका बाजूला चुकून सफेदा जास्त गेला तर शीट महिनाभरात वाकते, कारण सफेदा जास्त आटतो.

मांडलेला गठ्ठा कोल्ड प्रेसमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवतो. थर एकमेकांना धरतात, गोंदातलं थोडं पाणी लाकडात जातं आणि बाहेर काढून फटी भरता येतात.

आता हॉट प्रेस. इथे सगळ्यात जास्त घोळ गेज वाचण्यात होतो. गेजवर दिसतो तो तेलाचा दाब, शीटवरचा नव्हे. समजा, प्रेसला 360 मिमी व्यासाचे चार रॅम, म्हणजे तेलाच्या दाबाने प्लेटा दाबणारे दांडे, आहेत. त्यांचं एकूण क्षेत्रफळ 4,072 चौरस सेंटिमीटर. 100×51 इंचांच्या शीटचं क्षेत्रफळ सुमारे 32,900. शीटवर 12 किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवे असतील तर 32,900 गुणिले 12 भागिले 4,072, म्हणजे गेजवर 97. हाच आकडा भिंतीवर लिहिलेला असतो. मग 7×3 च्या शीटची ऑर्डर येते, तिचं कच्चं माप 88×39 इंच, क्षेत्रफळ सुमारे 22,100, आणि गेज हवं 65. भिंतीवरचंच 97 दिलं तर शीटवर जवळजवळ 18 किलोचा दाब पडतो. पॉपलर चेपतो, जाडी मार खाते, गोंद कडेने बाहेर येतो. मापागणिक गेजचा तक्ता प्रेसवर टांगलेला असावा, तोंडी हिशेबावर रात्रपाळी सोडू नये.

प्लेटा 135 ते 140 अंश. पहिली शीट आत गेल्यापासून प्रेस बंद होऊन पूर्ण दाब येईपर्यंत दीड मिनिटापेक्षा जास्त जाता कामा नये. दहा कप्प्यांचा प्रेस हाताने भरताना खालच्या शीटांचा गोंद तापलेल्या प्लेटेवर दाबाशिवायच पिकायला लागतो, आणि एकदा पिकलेला गोंद मग कितीही दाबा, चिकटत नाही. 18 मिमीला आम्ही 18 ते 20 मिनिटं देतो. बाहेरचे थर तीन-चार मिनिटांतच तापतात, वेळ लागतो तो मधल्या रेषेला. शेवटच्या तीन-चार मिनिटांत दाब एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने उतरवायचा: 97 वरून 50, तिथे थांबायचं, मग 20, मग शून्य. प्रत्येक टप्प्यावर कडेने वाफ सुटताना दिसते. ती सुटायची थांबली की पुढचा टप्पा. घाईच्या दिवशी हेच थांबणं पहिल्यांदा वगळलं जातं.

बाहेर आलेल्या शीटवर लाकडी मुठीने टकटक करत जायचं. भरीव भागाचा आवाज बारीक आणि सारखा, फुग्यावर तो बसका येतो. फिनॉलच्या शीटा गरम असतानाच एकावर एक रचून रात्रभर ठेवल्या तर उरलेला गोंदही पिकतो. युरियाच्या मालाला मात्र असं करू नये, त्याचा जोड साठलेल्या उष्णतेने कमजोर होतो.

नऊ कोअर मिळून 19.8 मिमी, दाबून साधारण 18.4. कॅलिब्रेशनच्या सँडरवर दोन्ही बाजूंनी घासून 17.5 करतो. मग दोन्ही अंगांना गोंद लावून 0.3 मिमीचा फेस आणि दुसऱ्यांदा प्रेस: दाब कमी, वेळ चार-पाच मिनिटं. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर गर्जन महागला आणि ओकुमे वाढला. गॅबनने 2010 मध्येच ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं होतं, त्यामुळे तोही सोललेल्या रूपातच येतो. ओकुमे हलका आणि मऊ, दिसायला छान. फेसवर लाल-तपकिरी ठिपके उमटले तर गोंद पातळ आहे किंवा जास्त झाला आहे. कडा कापणं, पुट्टी, शेवटचं घासणं यात नवीन काही नाही. एक मात्र खरं, खराब कोअर पुट्टीखाली फार सुंदर झाकते.

परीक्षा आयएस 1734 च्या पद्धतीने. बीडब्ल्यूआरसाठी तुकडा 8 तास उकळायचा, 65 अंशांवर 16 तास वाळवायचा, आणि हे तीनदा. फक्त ओलाव्याला टिकणाऱ्या एमआर ग्रेडला उकळणं नाही, 60 अंशांच्या पाण्यात 3 तास आणि मग 8 तास वाळवणं, तेही तीनदा. आयएस 710 चा मरीन प्लाय सलग 72 तास उकळतात. दुकानात '710 द्या' म्हणणाऱ्याने शिक्क्यावरचा आयएस क्रमांक आणि खालचा सीएम/एल परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून बघावा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. घरी पातेल्यात 8 तास उकळूनही युरियाचा माल ओळखता येतो, त्याचे थर बोटाने सुटतात.

तुकडा वाळला की दोन थरांमध्ये सुरी घालून उचकायचा. किती जोर लागला यापेक्षा काय फाटलं ते बघायचं. फाटलेल्या जागी लाकडाचे धागे दोन्ही बाजूंना चिकटून असतील तर गोंद लाकडापेक्षा मजबूत ठरला. रेषा चकचकीत, गुळगुळीत आणि धागा एकही नाही, तर गोंद दाब येण्याआधीच सुकला किंवा पिकला: करपलेलं व्हिनीअर किंवा प्रेस भरायला लागलेला वेळ. गोंद एकाच थरावर राहिला आणि समोरचा थर कोरा, तर तिथे दाब पोचला नाही, म्हणजे पातळ कोअर किंवा चढलेला जोड. नखाने खरवडल्यावर भुगा पडला तर मैदा जास्त किंवा मधली रेषा कच्ची राहिली. नापास झालेल्या लॉटवर आयएसआयचा शिक्का मारता येत नाही. तो वेगळा काढायचा, आणि वहीत त्या दिवशीचा व्हिनीअरचा ओलावा, केटलचे सेकंद आणि प्रेसचं गेज शेजारी-शेजारी मांडून बघायचं. बहुतेक वेळा पहिल्याच रकान्यात उत्तर सापडतं, आणि तो रकाना कोरा असेल तर तेही उत्तरच.